डाळ मिलच्या चाळण्याला रॉड एंड दीड महिन्यात ढिला होतो. कोणता घ्यावा?

जळगाव_मेंटेनन्स

राम राम मंडळी. जळगाव एमआयडीसीतल्या एका डाळ मिलमधला तूरडाळीच्या प्रतवारीचा चाळणा आहे. लाकडी पट्ट्यांवर उभा, एका टोकाला एक्सेंट्रिक शाफ्ट (मध्यापासून बाजूला सरकवलेल्या पिनेचा), त्यावरून दोन कनेक्टिंग रॉड. मोजमापं अशी:

शाफ्ट मिनिटाला ३२० फेरे. एक्सेंट्रिक १२ मिमी, म्हणजे स्ट्रोक २४ मिमी. हलणारं वजन चौकट, जाळ्या आणि वरचा माल धरून साधारण १४० किलो. रॉडची लांबी भोकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत ३५० मिमी. रॉडच्या दोन्ही टोकांना पीओएस १६ रॉड एंड, म्हणजे गोल डोळ्यात फिरता बॉल असलेला सांधा, एक उजव्या आट्याचा, एक डाव्या आट्याचा, मधली बॉडी आतून टॅप केलेली.

एक्सेंट्रिककडचा रॉड एंड पाच-सहा आठवड्यांत खडखडायला लागतो, काढला की बॉल निळसर दिसतो. चाळण्याकडचा जरा जास्त टिकतो, पण त्यातून लालसर भुकटी येते. एक तर आट्यातच तुटला, बरोबर चेक नटच्या (आटा जागीच आवळून ठेवणाऱ्या नटच्या) तोंडाशी. त्या बाजूचा रॉड सरळ रेषेत नाही, ३ मिमी बाजूला आहे, म्हणून तुटला असावा असा अंदाज.

एक दुकानदार म्हणतो १६ ऐवजी २० नंबर टाका. दुसरा म्हणतो टेफ्लॉनवाला (आत टेफ्लॉनचं अस्तर, म्हणजे लायनिंग असलेला) टाका, ग्रीसची कटकटच नाही. काय घ्यावं?

आणखी दोन गोष्टी. हॉपरच्या गेटला ६३ मिमी बोअरचा न्यूमॅटिक (हवेवर चालणारा) सिलिंडर बसवलाय. त्याच्या रॉडवर पीएचएस १६ (आतून आट्याचा रॉड एंड) दोन आटे चढतो आणि अडकतो, माल डुप्लिकेट आहे का? आणि चाळण्याच्या फीड गेटला हाताच्या लिव्हरची लिंक करायची आहे, तिथे १० नंबर पुरेल का?

---

एक्सेंट्रिक_भुसावळ

दादा, आकडे व्यवस्थित दिलेत म्हणून उत्तर नेमकं देता येतंय. पण ते तुम्हाला आवडणार नाही: चाळण्याच्या या रॉडला कोणताच रॉड एंड नको, ना १६, ना २०, ना टेफ्लॉनचा.

रॉड एंड निवडताना बहुतेक जण आधी भार बघतात. आधी बघायचं ते हे, की बॉल सीटमध्ये (तो बसतो त्या वाटीत) किती फिरतोय आणि किती वेगाने. रॉड एंड हा घसरणारा सांधा आहे, त्यात गोळ्याही नाहीत, रोलरही नाहीत. थोडं डोलायचं आणि थोडं तिरपं व्हायचं एवढ्यासाठीच तो बनलेला आहे. तुमच्या एक्सेंट्रिककडच्या टोकाला तो डोलत नाही, शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला पूर्ण ३६० अंश फिरतो.

हिशोब करून बघू. पीओएस १६ चा बॉल २८.५७५ मिमी व्यासाचा. मिनिटाला ३२० फेरे म्हणजे घसरण्याचा वेग ३.१४ × २८.५७५ × ३२० ÷ ६०,००० = सुमारे ०.४८ मीटर प्रति सेकंद. ग्रीसवर चालणाऱ्या स्टीलवर स्टील जोडीला साधारण ०.१ हीच वरची हद्द धरतात. ब्रॉन्झ सीटला थोडी जास्त मिळते, पण तीही हलका भार आणि ताजं ग्रीस असेल तर. दर फेऱ्याला भार उलटत असताना अर्धा मीटर वेग ती जोडी सोसत नाही.

आता भार. वस्तुमान × कोनीय वेगाचा वर्ग × एक्सेंट्रिक: ३२० फेऱ्यांना कोनीय वेग ३३.५ रेडियन प्रति सेकंद, वर्ग ११२३, गुणिले ०.०१२, गुणिले १४०. आले सुमारे १,९०० न्यूटन, म्हणजे १९०-१९५ किलोचा धक्का, मिनिटाला ३२० वेळा पुढे आणि ३२० वेळा मागे. पट्ट्यांचा ताठपणा यातून थोडं कमी करतो, तो सोडून देऊ. दोन रॉडमध्ये सारखा वाटला गेला तर प्रत्येकी ९५०. सीटची रुंदी १५ मिमी धरली तर दाब येतो जेमतेम २ ते ४ न्यूटन प्रति चौरस मिमी. १६ नंबरला हा भार म्हणजे काहीच नाही.

म्हणजे तुमचा रॉड एंड भाराने मरत नाही, उष्णतेने मरतो. घर्षणांक ०.१५, रॉडमागे सरासरी भार ६०० न्यूटन, वेग ०.४८. गुणाकार ४३ वॅट. सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता त्या एवढ्याशा गोळ्यात सतत तयार होते. त्यात आपल्याकडचा मे महिना आणि पत्र्याची शेड. ग्रीस पातळ होऊन निघून जातं, बॉल निळा पडतो, सीट खाल्ली जाते.

२० नंबर टाकला तर? बॉल ३४.९२५ मिमी, वेग ०.५९. म्हणजे आणखी वाईट. मोठा नंबर भारासाठी घेतात. वेगाचं दुखणं मोठ्या नंबराने वाढतं.

एक्सेंट्रिककडे लावा सेल्फ-अलाइनिंग बॉल बेअरिंग, २२०५-२आरएस, म्हणजे २५ × ५२ × १८, दोन्ही बाजूंनी सील. सीलबंद प्रकारात ते दीड अंशापर्यंत तिरपं चालतं. पिन २५ मिमी करावी लागेल. पिनवर के६, हाउसिंगमध्ये के७ फिट (लेथवाल्याला सांगायची मापाची सूट), बेअरिंगची आतली मोकळीक सी३. त्याच भोकाच्या पण अरुंद, बिनसीलच्या १२०५ चं डायनॅमिक रेटिंग (फिरताना झेपणाऱ्या भाराचा कॅटलॉगातला आकडा) १४.३ किलोन्यूटन आहे. तोच आकडा धरून आणि सगळा १.९ किलोन्यूटन भार एकाच रॉडवर आला असं समजूनही आयुष्याचा हिशोब २२,००० तासांच्या आसपास येतो. धूळ त्यातलं बरंच खाईल, पण दीड महिन्याचा प्रश्न उरणार नाही.

पिन काढाल तेव्हा तिची झीज बघा. ती सगळी एकाच बाजूला, शाफ्टच्या मध्यापासून बाहेरच्या दिशेला असेल. चाळणा दोन्ही डेड सेंटरला (स्ट्रोकच्या दोन्ही टोकांना) पिनला बाहेरच ओढतो आणि पिन तोवर अर्धा फेरा फिरलेली असते. रॉड एंडचं भोक मात्र रॉडच्या लांबीच्या दिशेने दोन्हीकडे लांबट झालेलं दिसेल. असंच दिसलं तर वरचा हिशोब तुमच्या यंत्राला लागू आहे.

चाळण्याकडच्या टोकाचं दुखणं याच्या उलट आहे. तिथे रॉड किती डोलतो? १२ ÷ ३५०, म्हणजे जेमतेम दोन अंश इकडे, दोन अंश तिकडे. इतक्या कमी हालचालीत बॉलचा तोच भाग सीटच्या त्याच भागावर घासत राहतो, ग्रीस आत ओढलंच जात नाही. लालसर भुकटी त्याचीच: धातूचे बारीक कण सुटून गंजतात आणि तेच मग सँडपेपरसारखे घासतात. अशा जागी रबर बुश बसवा, सायलेंट ब्लॉक म्हणतात तो. दोन अंश रबर नुसतं पिळलं जातं, काहीच घसरत नाही. ग्रीस नको, धुळीचा त्रास नाही.

---

आटे_आणि_चेकनट (धुळे)

वरच्या उत्तराशी सहमत. नंबर आणि आट्यांच्या भानगडीवर लिहितो, कारण सगळ्यात जास्त चुकीचा माल तिथेच घरी येतो.

गेटचा पीएचएस १६ डुप्लिकेट नाही. पीएचएस १६ चा आटा एम १६ × २. आयएसओ १५५५२ प्रमाणे ५० आणि ६३ बोअरच्या सिलिंडरचा रॉड असतो एम १६ × १.५. पिच (दोन आट्यांमधलं अंतर) वेगळी, म्हणून दोन आटे चढून अडकतो. पान्याने जोर करून चढवू नका, सिलिंडरचा रॉड खराब होईल आणि तो रॉड एंडपेक्षा फार महाग. दुकानात "सिलिंडरचा, बारीक पिचचा" असं स्पष्ट सांगा. ३२ बोअरला एम १० × १.२५, ४० ला एम १२ × १.२५, ५० आणि ६३ ला एम १६ × १.५, ८० आणि १०० ला एम २० × १.५. वरवर सारखेच दिसतात. पिच गेज खिशात असू द्या, किंवा सिलिंडरचा नट सोबत घेऊन जा.

६३ बोअर ६ बारला सुमारे १,८७० न्यूटन ढकलतो. गेट तासाला दहा-वीस वेळा हलणार, वेग नगण्य. तिथे १६ नंबर आरामात चालेल, आणि टेफ्लॉन लायनिंगचा घ्यायचा असेल तर याच जागी घ्या.

आता मालिका. बाजारात मुख्य दोन कुटुंबं आहेत, आयएसओ १२२४०-४ मधली के आणि ई. पीओएस, पीएचएस, किंवा एसए-एसआय च्या मागे के लागलेले ते के मालिकेचे: बॉल रुंद, बहुधा ब्रॉन्झ सीट, ग्रीस निपल. एसए-एसआय च्या मागे ई किंवा ईएस असलेले ते ई मालिकेचे, त्यांच्या डोळ्यात सुटं मिळणारं जीई बेअरिंग असतं: बॉल अरुंद, स्टीलवर स्टील. ईएस म्हणजे ग्रीसची खाच आणि भोक असलेला.

रुंदीचा फरक मोठा आहे. १० मिमी भोकाला के मध्ये बॉलची रुंदी १४, ई मध्ये ९. १२ ला १६ आणि १०. २० ला २५ आणि १६. फोर्क (रॉड एंडला दोन्ही बाजूंनी धरणारा यू आकाराचा ब्रॅकेट) आधी बनवला आणि माल दुसऱ्या मालिकेचा आला, तर एक तर आत जात नाही, नाही तर दोन्हीकडे वॉशर भरत बसावं लागतं. आणखी एक खूण: ई मालिकेच्या स्टील रॉड एंडमध्ये १२ च्या पुढे १५, १७, २० असे नंबर येतात, १६ येत नाही. १७ नंबर ई चा आटा मात्र एम १६ च आहे. म्हणजे "१६ चा द्या" म्हटलं की भोक १६ की आटा १६, हे विचारायलाच हवं.

पीओएस म्हणजे बाहेरून आटा, पीएचएस म्हणजे आतून आटा. डाव्या आट्याला नंबरात एल लागतो. उजवा-डावा जोडी लावली की रॉड न काढता नुसती बॉडी फिरवून लांबी जुळवता येते. एम १६ × २ ला एक फेरा म्हणजे ४ मिमी, एम १० × १.५ ला ३ मिमी. डाव्या टोकाला चेक नटही डाव्या आट्याचा लागतो. तो सुटा सहज मिळत नाही, रॉड एंडसोबतच चार जास्त घेऊन ठेवा.

हाताच्या लिव्हरला १० नंबर भरपूर होईल. हाताचा जोर ३०-४० किलो, लिव्हरचं प्रमाण ४ ला १ असलं तरी लिंकवर १२०-१६० किलो येणार. तिथे ताकदीपेक्षा ढिलाई बघा. स्टीलवर स्टील बेअरिंगमध्ये नवीन असतानाच मोकळीक ठेवलेली असते, १२ ते २० मिमी भोकाला साधारण ०.०४ ते ०.०८ मिमी. ती खराबी नाही. पण चार सांधे एकामागे एक आले आणि लिव्हरचं प्रमाण मोठं असलं, की हातात ती जाणवते. के मालिकेचा ब्रॉन्झवाला किंवा लायनिंगचा घेतला तर हात घट्ट वाटतो.

---

फिटर_चोपडा

तुटलेल्या रॉड एंडबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ३ मिमी बाजूला असल्याने तो तुटला हे पटत नाही. ३५० मध्ये ३ मिमी म्हणजे अर्धा अंश. के मालिकेचा रॉड एंड दोन्ही बाजूंना साधारण १३ अंशांपर्यंत तिरपा होतो. बॉल मोकळा असेल तर अर्धा अंश त्याला कळणारही नाही.

चेक नटच्या तोंडाशी पहिल्या आट्यात तुटणं म्हणजे वाकवणारा भार पुन्हा पुन्हा आलाय. तो तीन रस्त्यांनी येतो. पहिला, चेक नट ढिला: आटे बॉडीत ठोकत राहतात आणि सगळा भार एका आट्याच्या मुळाशी येतो. दुसरा, बॉल सुकून जाम: मग रॉड बॉलवर डोलत नाही, शँक (आटा असलेला दांडा) वाकून वाट काढतो. तिसरा, आटा बॉडीबाहेर फार लांब काढलेला. तुमचा बॉल निळा आहे, तेव्हा दुसरा रस्ता नक्की घडलाय, आणि बहुधा पहिलाही. तुटलेला तोंडभाग स्वच्छ करून उजेडात धरा. एका बाजूने शंखावरच्या रेषांसारख्या गुळगुळीत रेषा आणि शेवटी थोडासा भाग खडबडीत असेल, तर भेग हळूहळू वाढत गेली. सगळाच खडबडीत असेल तर एकदम धक्क्याने गेला.

डोळ्याच्या भागात, निपलच्या भोकापासून तुटला असता तर कारण वेगळं. निपलचं भोक ही बॉडीतली कमजोर जागा. म्हणून कॅटलॉगातला स्थिर भाराचा आकडा जसाच्या तसा धरायचा नसतो. भार उलटसुलट असेल तर त्याच्या अर्ध्यापेक्षा जास्त धरू नका, निपलचं भोक असलेल्या बॉडीला तर एक तृतीयांशच. आणि बॉल बाजूने निसटून बाहेर आला असता तर आडवा भार. तो रॉड एंडला फार कमी झेपतो, उभ्या भाराच्या दहा-पंधरा टक्क्यांच्या वर जाऊ नये.

जोडणीत या गोष्टी नक्की बघा:

आटा बॉडीत निदान त्याच्या व्यासाएवढा गेला पाहिजे, एम १६ ला १६ मिमी. ॲल्युमिनियम बॉडी असेल तर दीडपट. बॉडीला एक बारीक आडवं भोक ठेवा, तार घातली की आटा तिथवर पोचलाय का कळतं.

चेक नट आवळताना दोन्ही रॉड एंडचे डोळे एकमेकांना समांतर धरा. नट आवळताना एक डोळा फिरून फोर्कला टेकला की तिरपं व्हायची सगळी जागा तिथेच संपते. पुढे प्रत्येक स्ट्रोकला तो फोर्कवर आपटतो.

बॉल बोल्टवर फिरता कामा नये, तो बोल्टने दोन्ही बाजूंनी घट्ट दाबलेला हवा आणि फिरणं सगळं सीटमध्ये. बाजारातल्या एम १६ बोल्टचा गुळगुळीत भागही १५.७३ पर्यंत बारीक असू शकतो. पाव मिमीची ती जागा म्हणजे आधीच खडखड. उलटसुलट भाराला ग्राइंड केलेली पिन किंवा शोल्डर बोल्ट (नेमक्या मापाच्या गुळगुळीत दांड्याचा) लावा.

आणि फोर्क हवाच. एका बाजूच्या ब्रॅकेटला बोल्ट टांगून लावला तर बोल्ट वाकतो. ते टाळताच येत नसेल तर बाहेरून रॉड एंडच्या भोकापेक्षा मोठा वॉशर लावा, म्हणजे सीट गेली तरी रॉड सुटून खाली पडणार नाही.

रबर बुश लावाल तेव्हा त्याचा बोल्ट स्ट्रोकच्या मध्यावर आणून आवळा, नाही तर रबर कायम एका बाजूला पिळलेलं राहील.

---

जळगाव_मेंटेनन्स

मंडळी, फार नेमकं सांगितलंत. पिनची झीज खरंच एकाच बाजूला आहे. तुटलेल्या तोंडावर रेषा आहेत, शेवटचा पाव भाग खडबडीत. चेक नटखाली आटे चमकतायत, म्हणजे हलत होते.

रबर बुश कोणत्या मापाचा घ्यावा? आणि चाळण्याकडे बुशऐवजी टेफ्लॉनचा रॉड एंड चालणार नाही का? ग्रीस लागत नाही आणि बदलायला दहा मिनिटं. बुशसाठी ब्रॅकेट नवीन करावे लागतील.

---

एक्सेंट्रिक_भुसावळ

टेफ्लॉनचं लायनिंग एका दिशेच्या भाराला छान. भार दर फेऱ्याला उलटत असेल तर ते कापड दोन्हीकडून कुटलं जातं. नवीन असताना त्यात मोकळीक शून्य, म्हणून सुरुवातीला चाळणा एकदम शांत चालेल. लायनिंग पातळ असतं, एकदा मोकळीक पडली की धक्का सुरू आणि मग झीज झपाट्याने वाढते. तात्पुरतं म्हणून लावा, कायमचं म्हणून नको. आणि लावलाच तर त्यात ग्रीस मारायचं नाही. लायनिंगचा पातळ थर बॉलवर बसतो आणि त्यावरच तो चालतो, ग्रीस तो थर बसू देत नाही.

बुशचं माप: आतली नळी १६ भोकाची, बाहेरची ४० च्या आसपास, लांबी ४५ ते ५०. रबराचा दाबाखाली येणारा भाग ३० × ४५ धरला तर प्रत्येकी ९५० न्यूटनला ०.७ न्यूटन प्रति चौरस मिमी, सगळा भार एकावर आला तरी १.४. रबर थोडं दबतं, त्यामुळे स्ट्रोक किंचित कमी होईल, प्रतवारीत जाणवणार नाही.

हाउसिंगची रिंग रॉडला आधी वेल्ड करा, थंड होऊ द्या, बोअर करा, मग बुश प्रेस करा. बुश आत असताना वेल्डिंग केलं तर रबर नळीपासून सुटतं आणि बाहेरून कळतही नाही. ग्रीस गनवाल्याला सांगून ठेवा की या बुशला हात लावायचा नाही, तेल-ग्रीसने साधं रबर फुगतं.

फिटर भाऊंच्या एका वाक्यात दुरुस्ती. बुशचा बोल्ट स्ट्रोकच्या मध्यावर आवळायचा नाही. मध्यावर क्रँक (शाफ्टच्या मध्यापासून पिनेपर्यंतची रेघ) रॉडला काटकोनात असतो आणि रॉड तेव्हाच सगळ्यात तिरपा, पूर्ण दोन अंश. रॉड सरळ असतो तो डेड सेंटरला. म्हणून क्रँक डेड सेंटरला आणा, दोन्हीपैकी कुठल्याही, आणि तिथे आवळा. मग रबर दोन्हीकडे सारखं पिळलं जाईल. मध्यावर आवळायचे ते लाकडी पट्ट्यांचे बोल्ट, पट्ट्या मध्यापासून दोन्हीकडे सारख्या वाकतात.

---

फिटर_चोपडा

बरोबर. पट्ट्यांचा नियम बुशला लावला, माझी चूक. डेड सेंटरलाच आवळा.

रबर आल्यावर तो ३ मिमीचा तिरपेपणा मात्र काढून टाका. रॉड एंडला तो चालत होता, बुशला कडेवर दाब येईल. शिम (पातळ पत्रा) टाकून अर्ध्या मिमीच्या आत आणा.

दोन रॉड अगदी सारख्या लांबीचे हवेत. एका जाड प्लेटवर ३५० वर दोन पिना बसवा आणि दोन्ही रॉड त्याच पिनांवर बसवून बघा. त्याआधी दोन्ही एक्सेंट्रिकच्या चाव्यांच्या खाचा (की-वे) एका रेषेत आहेत का तपासा. १२ मिमीला एक अंशाचा फरक म्हणजे मध्यावर ०.२ मिमी, तेवढी चौकट दर फेऱ्याला पिळली जाते. जाळ्यांच्या कोपऱ्यांतल्या वेल्डला भेगा असतील तर कारण बहुधा हेच. भार एकाच रॉडवर जास्त येण्याचंही.

---

आटे_आणि_चेकनट (धुळे)

गेट आणि लिव्हरला जे रॉड एंड राहतील त्यांच्या ग्रीसबद्दल. डाळ मिलमध्ये चुनी आणि टरफलाची पूड ग्रीसला चिकटून लेप होते. निपलवाल्यांना लिथियम ईपी २ ग्रीस द्या, आठवड्याला दोन-तीन दाब, जुनं काळं ग्रीस कडेने बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत. बाहेर आलेलं पुसून टाका, तसंच ठेवलं तर पूड धरून परत आत नेतं. निपल पुसल्याशिवाय गन लावू नका. बसवतानाच निपल गनच्या बाजूला येईल असा फिरवून ठेवा, नंतर हात पोचत नाही म्हणून महिनोन्‌महिने ग्रीस मिळत नाही.

सिलिंडरच्या टोकाला दोन्हीकडे रबरी बूट मिळाले तर लावा. नाही मिळाले तर बॉलच्या दोन्ही बाजूंना नमद्याची रिंग कापून तेलात भिजवून बसवा. लायनिंगच्या रॉड एंडला ती कोरडीच ठेवा.

---

जळगाव_मेंटेनन्स

२२०५ ची हाउसिंग आणि पिना लेथवर करायला आठ-दहा दिवस लागतील. मिल तोवर बंद ठेवता येत नाही. जुन्यावरच चालवायचं तर काय करू?

---

एक्सेंट्रिक_भुसावळ

चारही रॉड एंड नवे टाका, जुना-नवा मिसळू नका. आटे आणि चेक नट थिनरने पुसून मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर लावा, लॉक्टाइट २४३ चालेल. दोन पाने लावून आवळा, एकाने बॉडी धरायची. मग नटापासून बॉडीपर्यंत रंगाची एक सरळ रेघ मारा. रेघ तुटलेली दिसली की चाळणा थांबवा.

एक्सेंट्रिककडे दर चार तासांनी ग्रीस, चाळणा बंद करून. त्याच वेळी डोळ्याला हात लावून बघा. हात धरवत नसेल तर वीस मिनिटं थांबा, ग्रीस मारा, परत बघा.

शक्य असेल तर पुली बदलून फेरे ३२० वरून २७० करा. भार फेऱ्यांच्या वर्गाने कमी होतो, १,९०० चा जवळपास १,३४० होईल, वेगही ०.४० वर येईल. माल जरा हळू जाईल, फीड गेट तेवढं कमी ठेवा.

आणि रॉडखाली एक पट्टीचा यू लावून घ्या. रॉड तुटलाच तर शाफ्टवर फिरून बेल्टकडे उडणार नाही.